कपाटातलं ओरिजिनल

आमच्या शेजारच्या आधारनानांकडे विजेवर नाहीतर सेलवर चालणारं सगळं सुटं सामान दोन-दोन होतं. एक चांगलं आणि एक वापरायचं.

टीव्हीचंच घ्या. रंगीत टीव्ही आला, त्याच्याबरोबर कंपनीचा रिमोट आला. नानांनी तो उलटासुलटा करून पाहिला, सगळी बटणं चालतात याची एकदा खात्री केली आणि त्याच संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वरून दोरा गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवून दिला. रोजच्यासाठी बाजारातून दुसरा, बिननावाचा आणला. हा रिमोट फक्त पुढे जायचा, मागे येत नसे. बातम्या लावलेल्या असताना चुकून बटण दाबलं गेलं, तर सगळ्या चॅनेलांना प्रदक्षिणा घालून परत बातम्यांपाशी यावं लागे, आणि तोवर हवामान सुरू झालेलं असे. आवाज वाढायचा, पण कमी व्हायचा नाही. त्यामुळे संध्याकाळ चढत जाई तसा नानांचा टीव्हीही चढत जाई, आणि जेवायच्या वेळेला आम्हाला आमचा लावायची गरज उरत नसे.

"नाना, तो कंपनीचा रिमोट काढा की आता," मी एकदा दोन घरांमधल्या भिंतीवरून म्हटलं.

"ओरिजिनल कपाटमा शे," नाना म्हणाले. कपाटात आहे म्हणे, जणू काही मी तो हरवलाय का असं विचारलं होतं.

लग्न होऊन चाळीसगावहून मी धुळ्याला आले, देवपुरातल्या शाळेत नोकरीला लागले, आणि आम्ही नानांच्या शेजारचं घर भाड्याने घेतलं. मधे कमरेएवढी भिंत. त्या भिंतीवरून विरजण, वर्तमानपत्र आणि सल्ले यांची देवाणघेवाण चालायची. विरजण नानांची बायको अक्का द्यायच्या, सल्ले नाना. नाना एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, स्टोअरकीपर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. अंगाने दणकट, डोक्यावर पांढरी टोपी, आणि आवाज असा की कुजबुजले तरी गल्लीला कळावं. आयुष्यभर चालू मशिनींच्या गडगडाटात ओरडून बोलायची सवय. माझ्याशी ते शहरी मराठी बोलायला सुरुवात करत आणि दुसऱ्या वाक्याला अहिराणीवर घसरत.

हे दोन-दोनचं वेड त्यांना जिनिंगमधूनच लागलेलं होतं. ती गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मीच त्यांना मधे शब्द पुरवायची. नवीन नोकरी होती. ऐन हंगामात एक फिटर आला आणि पट्टा मागू लागला. स्टोअरमध्ये एकच पट्टा उरला होता. नानांनी चांगुलपणाने तो देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी मोठ्या मशीनचा पट्टा तुटला. जिनिंग बंद. बाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली, आणि त्या सगळ्या गाडीवाल्यांच्या देखत मालकाने नानांना जे काही ऐकवलं ते नाना कधी शब्दश: सांगत नसत. फक्त एवढंच म्हणत, "त्या दिवशी कानाला खडा लावला, बाई. शेवटला नग कोणले देवाना नही."

म्हणून नानांच्या कपाटातला प्रत्येक ओरिजिनल हा शेवटचा नग होता. तो बाहेर काढायचा म्हणजे जिनिंग बंद पाडायची.

पण कपाटाला एक अपवाद होता. पाहुणे. चाळीसगावला दिलेली त्यांची मुलगी आणि जावई यायचे झाले, की कपाट उघडायचं. दोरा सुटायचा, पिशवी निघायची, कंपनीचा रिमोट पुसून पानसुपारीच्या तबकाशेजारी मांडला जायचा. टेपरेकॉर्डरला कंपनीचा ॲडॉप्टर लागायचा. एरवी त्या टेपला बाजारातला ॲडॉप्टर असे, आणि त्याच्यामुळे सकाळच्या भजनाखालून एक घुं घुं असा आवाज सतत चालू राही. पीठ दळताना शेजारी कुणी भजन म्हणावं तसं. आठवडाभर ते ऐकून मी एकदा नानांना विचारलं, की तुम्हाला त्रास होत नाही का. नाना म्हणाले, "सवय व्हई जास." पाहुणे गेले की सगळं पुन्हा पुसून, दोरा गुंडाळून आत.

चष्मेसुद्धा दोन होते. रोजच्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. चांगल्या चष्म्यातून नाना फक्त लग्नातल्या पंगती पाहत.

आम्ही टेपरेकॉर्डर घ्यायचं ठरवलं तेव्हा नाना आपण होऊन बरोबर आले. आग्रा रोडच्या आतल्या बाजूला कांतीशेठचं दुकान होतं. तिथे नानांना सगळे ओळखत आणि पाहिल्यावर थोडे दमल्यासारखे दिसत. कांतीशेठनी काउंटरवर दोन ॲडॉप्टर मांडले, एक कंपनीचा, जड, खोक्यातला. दुसरा हलका, कागदात गुंडाळलेला. आमचे हे हलक्याकडे पाहू लागले, मी जडाकडे. अर्धा तास आमच्यात हळू आवाजात चर्चा चालली. नवराबायकोत दुकानात जशी चालते तशी, म्हणजे दोघंही दुकानदाराकडे पाहून हसत आणि एकमेकांकडे न पाहता.

"दोन घ्या," नाना शेवटी म्हणाले. "एक वापराले, एक ठेवाले. भांडण मिटलं."

कांतीशेठ हसले. "नाना, गरीब माणूस लोकल घेतो, पैसेवाला कंपनीचं घेतो. तुम्ही एकटेच असे, जे दोन्ही घेता आणि वापरता गरिबासारखं."

"मी गरीब नही, शेठ," नाना म्हणाले. "मी तयार शे."

आम्ही जड घेतला. परत येताना पांझरेच्या पुलावर नाना, मूल एकटंच घराबाहेर पाठवून दिलेल्या बाईकडे पाहावं तसे माझ्याकडे पाहत होते.

हे सगळं मी हसत हसत सांगतेय, आणि तेव्हा हसलेही खूप. आमच्या घरात 'ओरिजिनल कपाटमा शे' ही म्हणच झाली होती. यांना नवीन शर्ट घाला म्हटलं की हे तेच म्हणत. पण नानांच्या कपाटात आणखी एक डबी होती, आणि तिच्याबद्दल सांगताना मला अजूनही हसू पुरत नाही.

अक्कांना ऐकू येत नसे. अगदीच नाही असं नाही, पण गल्लीतल्या गलक्यात त्यांच्यापर्यंत काही पोचायचं नाही. बाई मुळात बोलकी. बोलक्या माणसाला ऐकू येईनासं झालं की ते आधी जास्त बोलतं आणि मग हळूहळू बोलणं सोडतं. अक्का तशा सोडायच्या बेतात होत्या. त्यांचं माहेर जळगावशेजारच्या नशिराबादचं. तिथला त्यांचा भाऊ एकदा आला, बहिणीची अवस्था पाहून हळहळला आणि तिला आणि नानांना घेऊन जळगावला एका कानाच्या डॉक्टरांकडे गेला. तिथून कानाचं मशीन आलं. काड्यापेटीहून थोडी मोठी डबी, तिच्यातून निघालेली वायर, आणि वायरीच्या टोकाला कानात बसवायचं बटण.

त्या संध्याकाळी अक्का रिक्षातून उतरल्या त्या बोलतच. मी भिंतीपाशी होते. पदराखाली डबी, कानात बटण, आणि चेहरा असा उजळलेला की मी त्यांना तसं आधी कधी पाहिलंच नव्हतं. बसमध्ये कंडक्टरचा चिमटा कसा टकटक वाजत होता ते त्यांनी मला सांगितलं. पुढच्या सीटवरच्या दोन बायका आपल्या सुनांबद्दल काय बोलत होत्या ते सगळं सांगितलं. मग हात हलवून म्हणाल्या, "मन्या बांगड्या वाजतस, बाई. माले माहीतच नव्हतं." नाना मागे पिशव्या धरून उभे होते. ते आत गेले आणि त्यांनी स्वत: चहा केला. नानांनी चहा केल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाहेर येऊन नेहमीच्या गडगडाटी आवाजात विचारलं, "च्या लेसी का?" अक्का दचकल्या आणि खुदकन हसल्या. "वरडू नका," म्हणाल्या, "माले ऐकू येस."

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना कांतीशेठकडे गेले.

दुपारी शाळेतून आले तर अक्कांच्या कानात दुसरं बटण, दुसरी वायर. डॉक्टरांनी दिलेली वायर आणि बटण प्लॅस्टिकमध्ये, दोऱ्यासकट, कपाटात. डबी तेवढी तीच होती, कारण डबी दोन मिळत नाहीत. मिळाली असती तर तीही कपाटात गेली असती.

मला राग आला. मी म्हटलं, "नाना, रिमोटचं समजू शकते. पण ही कानात घालायची वस्तू आहे. ही तरी ओरिजिनल राहू द्या."

नाना भिंतीपाशी आले. त्या दिवशी ते माझ्याशी चेष्टेने बोलले नाहीत. "बाई, टीव्ही बंद पडला तर शेजारी जाऊन पाहता येतो. हिचं मशीन बंद पडलं तर ही कोणाच्या कानाने ऐकंल? ती वायर मुंबईवरून येते. वापरं का झिजस. तुटली तर येईपर्यंत ही पुन्हा बहिरी. काल पाहिलं ना तुम्ही तिला?" क्षणभर थांबून म्हणाले, "शेवटला नग शे तो."

माणूस प्रेमाने चुकत असला की त्याच्याशी वाद घालायला तोंडच उरत नाही.

त्यानंतर अक्कांनी एक शोध लावला. जळगावचे लोक स्पष्ट बोलतात आणि धुळ्याचे लोक खरखर करतात.

"जयगावना लोके कसा साफ बोलतस," त्या मला सांगायच्या. "आठे बठ्ठा खरखर करतस." मी विचारलं, की अक्का, असं कसं? तर म्हणाल्या, पाण्याचा गुण. पुरावाही त्यांच्याकडे होता. त्यांचा भाऊ जळगावला डॉक्टरांकडे होता तेव्हा साफ बोलत होता, आणि महिन्याभराने धुळ्याला आला तर तोही खरखर करायला लागला. "धुयानं पानी पिधं का आवाज बसस," अक्का ठामपणे म्हणाल्या. भाऊ शेजारी बसून पोट धरून हसत होता.

गल्लीला तर हे अमृत मिळालं. जळगाव मोठं की धुळं मोठं हे भांडण आमच्या खानदेशात घरोघरी चालतंच, आणि बायको एका जिल्ह्याची, नवरा दुसऱ्या जिल्ह्याचा असला की जेवणाच्या ताटावरही चालतं. अक्का माहेरचं कौतुक करतात म्हणून सगळ्यांनी धरलं. नानाही खुशीत येऊन म्हणायचे, "हिच्या माहेरचं वांगंसुद्धा साफ बोलतं." अक्कांना त्यातलं काही ऐकू येत नसे, पण सगळे हसतात म्हणून त्याही हसत.

खरं तर हा शोध एका बसप्रवासात खोटा ठरला असता. मशीन घालून अक्का एकदा नशिराबादला गेल्या असत्या तर तिथेही खरखरच ऐकू आली असती, आणि बाई हुशार होती, तिला कळलं असतं. पण प्रवासात मशीन न्यायचं नाही हा नानांचा नियम होता. गर्दीत वायर ओढली गेली तर? अक्का माहेरी जायच्या त्या मशीन घरी ठेवून. भाचीच्या लग्नालाही तशाच गेल्या. येऊन मला म्हणाल्या, "बठ्ठा काय काय बोलत व्हतात, कोण जाणे. एकदाव मशीन लई जासू." त्यांचं ते 'एकदाव' माझ्या कानात राहिलंय.

आता नानांचं दुखणं सांगते. कारण दुखणं अक्कांचं होतं तसं नानांचंही होतं.

दुपारचा चहा आता नाना करू लागले होते. मशीन आलं त्या संध्याकाळी जो केला, तो मग रोजचाच झाला. झोप झाली की स्टोव्हवर आधण ठेवायचं, ओसरीत येऊन अक्कांना विचारायचं, "च्या लेसी का?" आणि रोज त्याच वेळी एक गोष्ट घडायची. नाना दारात दिसले की अक्कांचा हात पदराखाली जायचा आणि डबीवरचा खटका बंद व्हायचा. टक. मग त्या नानांकडे पाहून मान डोलवायच्या. चहा हवा की नको हे कळायला कान लागत नाहीत.

माझ्याशी बोलताना त्या मशीन चालू ठेवायच्या. म्हणायच्या, "तुना आवाज बारीक शे, तो जरा येस. यासना आवाज म्हणजे गिरणी." आणि चेहरा आंबट करायच्या. आम्ही दोघी हसायचो.

नाना हसायचे नाहीत. आधी ते चेष्टेत म्हणायचे, "दखं का बाई? मी दिसनू का बंद." मग चेष्टा हळूहळू गेली. एकदा भिंतीशी वर्तमानपत्र परत द्यायला आले आणि ते हातात तसंच धरून म्हणाले, "बाई, चाळीस वर्षं मी कारखान्यात. घरी आलो की ती बोलायची, मी झोपायचो. आता मला वेळ आहे, तर तिले मनं ऐकानं नही. बरोबरच आहे तिचं." मी म्हटलं, तसं नसेल हो नाना, मशीनचा आवाज कानाला लागत असेल. नाना म्हणाले, "मग तुमच्यासाठी कसं चालू राहतं?"

अक्कांना विचारून पाहिलं असतं तर? पण नवराबायकोतलं असलं काही शेजारणीने विचारावं असा तो काळ नव्हता आणि आमची गल्लीही नव्हती. नानांनी विचारलं नाही, कारण उत्तराची भीती. आणि विचारलं असतं तरी नाना बोलायला लागले की मशीन बंद.

काही वर्षं अशीच गेली. टीव्ही चढत राहिला, भजनाखाली ॲडॉप्टर घुंघुं करत राहिला, दुपारी चहा आणि टक. एकदा वीज गेली तेव्हा नानांनी मोठ्या डौलाने कपाटातून टॉर्चचे चांगले सेल काढले, तर ते फुगून, पाणी सुटून, हिरवे पडलेले. न वापरताच मेले होते. मी म्हटलं, पाहा नाना. नाना बराच वेळ तळहातावरच्या त्या हिरव्या भुकटीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सेल ठेवायला नको होते. बाकीचं टिकतं."

मग अक्कांना कावीळ झाली. बाहेरून किरकोळ वाटली, आतून नव्हती. दवाखान्यात हलवलं तेव्हा मशीन घरीच राहिलं. दवाखान्यात वस्तू चोरीला जातात, हे नानांचं म्हणणं. मुलगी चाळीसगावहून आली, भाऊ नशिराबादहून आला. सगळे अक्कांच्या भोवती बसून बोलत, आणि अक्का एकेकाच्या तोंडाकडे पाहत. आठवडाभरात त्या गेल्या. मी शाळेत मुलांचा धडा घेत होते, शिपाई निरोप घेऊन आला. घरी आले तर नानांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. ते रडत होते, आणि रडणंही त्यांना हळू येत नव्हतं.

त्यानंतर नानांच्या टीव्हीचा आवाज फारच वाढला. आम्हाला वाटलं, तो रिमोट. पण रिमोट नव्हता. नानांनाच ऐकू येईनासं झालं होतं. जिनिंगचा गडगडाट इतकी वर्षं कानात साठला होता, तो आता हिशोब मागत होता. मुलगी म्हणाली, नवीन मशीन घेऊ. नाना म्हणाले, "घरमा शे ना."

ती दुपार मला स्पष्ट आठवते. रविवार होता. नानांनी भिंतीवरून मला हाक मारली. ओसरीत अक्कांची डबी, नवीन सेल, आणि ती बाजारातली वायर नि बटण. डबीला अक्कांनी शिवलेली छोटी फुलाफुलांची पिशवी अजून होती. ती नानांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली, बटण कानात बसवलं. "बोला," म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, येतंय का ऐकू?"

नानांनी कपाळाला आठी घातली. "काहीतरी खरखरतंय. सेल बदलून पाहा." सेल नवाच होता. मी वायर हलवून पाहिली, पुन्हा बोलले. नाना म्हणाले, "तुमचा आवाज बारीक येतो. पण मागे सूं सूं चालू आहे." आणि मग त्यांनी सवयीने, नेहमीच्या आवाजात विचारलं, "च्या लेशात का, बाई?"

आणि एकदम कानातलं बटण ओढून काढलं.

चटका बसावा तसं. बटण हातात धरून ते माझ्याकडे पाहत राहिले. मी विचारलं, काय झालं? नानांनी बटण परत कानात घातलं आणि पुन्हा, जरा हळू, म्हणाले, "च्या लेसी का?" डोळे मिटले गेले त्यांचे. तिसऱ्यांदा म्हणाले. मग त्यांचा हात खिशात गेला आणि त्यांनी मशीन बंद केलं. टक.

तो आवाज आम्हा दोघांनाही ओळखीचा होता.

"बाई," नाना म्हणाले. ते कुजबुजायचा प्रयत्न करत होते. "माझं बोलणं हे असं ऐकू येत होतं तिला?"

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. मला रडू येत होतं, आणि त्या माणसासमोर मला ते नको होतं.

नानांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. ते कपाट मी पहिल्यांदाच उघडलं. वरच्या खणात एकाशेजारी एक पिशव्या होत्या, सगळ्यांना दोरे. रिमोट, ॲडॉप्टर, हेडफोन, कसल्या कसल्या पिना. सगळं कोरं. दुकान बरं, तिथली वस्तू कधीतरी विकली तरी जाते. कोपऱ्यात जळगावच्या डॉक्टरांकडची ती छोटी पिशवी. दोरा मी सोडला. वायर थोडी ताठरली होती, पण चांगली होती. मी ती डबीला लावली. नानांनी बटण कानात घातलं.

रस्त्यावरून भाजीची गाडी चालली होती. आमच्या घरात कुकरची शिट्टी झाली. नानांनी मान तिकडे वळवली. मी हात हलवला तशा माझ्या बांगड्या वाजल्या, आणि नानांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग स्वत:शीच म्हणाले, "च्या लेसी का?" आणि ऐकत राहिले. आपलाच आवाज.

"इतकं साफ," ते म्हणाले. "जयगावसारखं."

त्या दिवशी त्यांनी मला दवाखान्यातली गोष्ट सांगितली. शेवटच्या दिवशी नाना अक्कांशी काहीतरी बोलत बसले होते. अक्कांनी हात उचलला आणि आपल्या कानाला लावला, दोनदा. नानांना वाटलं, ती गप्प बसा म्हणतेय. तुमचं नको ऐकायला म्हणतेय. म्हणून ते गप्प बसले. तिच्या उशाशी, ती जाईपर्यंत, एक शब्द न बोलता.

"ती मशीन मागत होती, बाई," नाना म्हणाले. "तिले मनं ऐकानं व्हतं."

मी म्हटलं, "हो नाना." एवढं मात्र मी खात्रीने म्हणाले. त्यांचं इतक्या वर्षांचं एक दु:ख त्या दुपारी गेलं, आणि त्याच्या जागी दुसरं आलं. पहिलं बरं होतं असं मला आजही वाटतं. पहिल्यात निदान राग धरायला जागा होती.

मला वाटलं, आता तरी कपाट रिकामं होईल. सगळे दोरे सुटतील. थोडं झालंही तसं. दुसऱ्या दिवशी कंपनीचा रिमोट उघडाबोडका खाटेवर पडलेला होता, आणि भजनाखालची घुंघुं थांबली. पुढच्या खेपेला जावई आले तर तबकात मांडायला काही उरलंच नव्हतं.

पण आठवड्याने भिंतीपाशी नाना आले, तेव्हा त्यांच्या कानात बाजारातलं बटण होतं. तीच वायर, खरखरणारी. मी डोळ्यांनी विचारलं. नानांना समजलं.

"ओरिजिनल कपाटमा शे," ते म्हणाले.

"आता कशाला, नाना? आता कोणासाठी ठेवायचं?"

"शेवटला नग शे, बाई. जिचा व्हता तिले दिधा नही. आते मी कसा वापरू?"

पुढे ते दहाएक वर्षं आमच्या शेजारी होते. त्यांच्याशी बोलताना मी आवाज बारीक ठेवायला शिकले, आमचे हेही शिकले. तरी कधी कोणी जोरात बोललं, कधी बाहेर ट्रक गेला, कधी त्यांचा स्वत:चाच आवाज चढला की नानांचा चेहरा वाकडा व्हायचा. हात खिशाकडे जायचा आणि अर्ध्यातून परत यायचा. मशीन त्यांनी कधी बंद केलं नाही.